विटांची जुनी पागा आणि तिच्या आवारातल्या जोडइमारती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विटांच्या जुन्या पागेत शिरल्यावर नजर आधी कमानीकडे आणि घड्याळाच्या मनोऱ्याकडे जाते. इमारतीचा खरा इतिहास मात्र जमिनीपासून दीड मीटर उंचीच्या आत सापडतो. घोड्याच्या खुरांनी, लाथांनी, दातांनी आणि मुताने तो तिथे लिहून ठेवलेला असतो. खालचे बरेचसे प्रश्न त्या दीड मीटरभोवतीच फिरतात.

पागेच्या आवारात नेमकं काय काय येतं?

घोड्यांची ठाणं, म्हणजे त्यांना बांधून ठेवायच्या जागा, हा त्यातला एक भाग झाला. पूर्ण आवारात ठाणांची रांग, आजारी घोड्यासाठी किंवा व्यायला टेकलेल्या घोडीसाठी बंद खोल्या, बग्गीखाना, खोगीरखाना, दाण्याची कोठी, वर वैरणीचा माळा, मोतद्दारांच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या) खोल्या, पाण्याचा हौद आणि जरा लांब उकिरडा असतो. मोठ्या ठिकाणी नालबंदाची भट्टीही असते. हे सगळं बहुधा एका फरसबंद चौकाभोवती मांडलेलं असतं आणि चौकात शिरायला एकच मोठी कमान.

या मांडणीतली एक गोष्ट आवर्जून बघावी. ठाणं आणि बग्गीखाना एका छपराखाली असले, तरी मूळ बांधकामात त्यांच्यामधे थेट दार सहसा नसतं. मुतातून सुटणारा अमोनिया बग्गीचं रोगण, चामडं आणि पितळ खातो. म्हणून खोगीरखाना मधे येतो, त्यात शेकोटी असते आणि भिंतींना फळ्या मारलेल्या असतात. आज तिथे दार दिसलं, तर ते नंतर फोडलेलं असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची तर दाराच्या बाजूंच्या विटा बघा. मूळ दाराच्या कडेला उभ्या चिरलेल्या अर्ध्या रुंदीच्या विटा, म्हणजे क्वीन क्लोजर, बसवून सांधे जुळवलेले असतात. नंतर फोडलेल्या दाराच्या कडेला वेड्यावाकड्या तुटलेल्या विटा आणि वरून चोपडलेला गिलावा सापडतो.

दगड किंवा लाकूड सोडून वीटच का?

पहिलं कारण आग. वर टनांनी सुकी वैरण आणि खाली कंदील, अशा ठिकाणी लाकडी भिंत म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरं कारण घडण. साच्यातून गोल कडेची वीट काढता येते. दाराच्या दोन्ही बाजूंना अशा विटा लावल्या, की घाईने बाहेर पडणाऱ्या घोड्याच्या पुठ्ठ्याला कोपरा लागत नाही. मधल्या विटा वगळून जाळीही सहज करता येते. शिवाय चांगली माती जवळ असेल तर भट्टी तिथेच लावता येई.

घर दगडाचं आणि पागा विटांची, अशी जोडी म्हणूनच वारंवार दिसते. इंग्लंडमधल्या कॅल्क ॲबीचं घर 1701 ते 1704 या काळातलं आणि घडीव दगडाचं, तर तिथली पागा 1712 ते 1716 मधली आणि लाल विटांची. फ्रान्समधल्या व्हर्सायला 1679 ते 1682 या काळात वास्तुविशारद आर्दुँ-मान्सारने बांधलेल्या राजाच्या दोन पागा राजवाड्याच्या अगदी समोर आहेत. तिथे पागा लपवायची नव्हती, मिरवायची होती. साध्या हवेल्यांत हा दिखावा एकाच बाजूला असतो. घराकडून दिसणाऱ्या भिंतीला निवडक, एकसारख्या रंगाच्या विटा आणि बारीक दर्जा (विटांमधले चुन्याचे सांधे), तर मागच्या भिंतीला भट्टीतला उरलासुरला माल. हा फरक दुरुस्तीत पुसू नये. मागची भिंत दर्शनी भिंतीसारखी गुळगुळीत केली, तर तिचं वय आणि तिची प्रत दोन्ही खोटी ठरतात.

मूळ मापं किती असायची?

बांधून ठेवायच्या घोड्याचं ठाण साधारण 1.8 मीटर रुंद आणि 2.7 ते 3 मीटर लांब. मागे माणसाच्या आणि घोड्याच्या ये-जा करायला 1.8 ते 2.4 मीटरची वाट. म्हणून एकेरी रांगेच्या पागेची आतली रुंदी 4.5 ते 5.4 मीटर भरते. मोकळ्या घोड्याची बंद खोली 3.6 मीटर चौरस. दार 1.2 मीटर रुंद, 2.1 ते 2.4 मीटर उंच आणि आडवं दोन भागांत कापलेलं. खालची झडप लावून वरची उघडी ठेवली, की हवाही येते आणि घोड्याला बाहेरचं दिसतं. ही दारं बाहेर उघडतात. आतून घोडा दाराला टेकून लोळला किंवा गवत साचलं, तर आत उघडणारं दार हलणारच नाही.

बाहेरच्या भिंती सहसा दीड विटेच्या, म्हणजे सुमारे 340 मिलिमीटर. आतल्या एका विटेच्या, 230 मिलिमीटर. ठाणांमधल्या पडद्या (आडोसे) काढून टाकलेल्या पागेत मुळात किती घोडे होते हे शोधायचं असेल, तर गव्हाणीच्या उंचीवर भिंतीत राहिलेल्या कड्या मोजा आणि जमिनीत खांबांच्या खळग्या शोधा. अंतर 1.8 मीटरच्या आसपास आलं, तर ठाणं. 3.6 आलं, तर खोल्या.

ठाणांमधल्या पडद्या भिंतीकडे उंच आणि वाटेकडे ठेंगण्या का असतात?

घोडे एकमेकांना चावतात ते तोंडाशी, दाण्यावरून. तिथे पडदी उंच हवी. मागे मोतद्दाराला घोडा दिसला पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे, म्हणून तिथे ती उतरते. हा उतार बहुधा नागमोडी वळणाचा असतो आणि शेवटी लाकडी किंवा बिडाचा खांब येतो. वरची बिडाची पट्टी नुसती शोभेची नाही. ती नसेल तर घोडा लाकडाची कड कुरतडून संपवतो. जुन्या लाकडावर दातांच्या खोबणी दिसल्या तर त्या भरू नका. घोड्यांनी स्वतः केलेली अशी नोंद दुसरी मिळायची नाही.

जमीन ओबडधोबड आणि उतरती आहे. सपाट करावी का?

करू नये. तो ढाळ हिशेबाने दिलेला असतो, साधारण 60 ते 80 मिलिमीटरला 1 मिलिमीटर. गव्हाणीकडून मागच्या नालीकडे पाणी वाहावं एवढाच. त्याहून जास्त ढाळ दिला तर घोडा दिवसभर चढावर उभा राहतो आणि त्याच्या मागच्या पायांच्या शिरा ताणल्या जातात. म्हणूनच काही पागांत ठाणाच्या मधोमध उथळ नाली काढून दोन्ही बाजूंनी तिच्याकडे ढाळ दिलेला सापडतो.

फरशी बहुधा उभ्या लावलेल्या कडक भाजलेल्या विटांची असते. चांगल्या कामात निळसर, जवळजवळ काचेसारखी भाजलेली वीट असते आणि तिच्या पाठीवर चौकटी किंवा खाचा असतात. खाचा खुराला पकड देतात आणि मूतही वाहून नेतात. हौसेने जमीन घासून गुळगुळीत केली, की घोडा घसरतो. खाचांत साचलेली घाण लाकडी काटकीने आणि ताठ ब्रशने काढा. जास्त दाबाच्या पाण्याचा फवारा सांध्यांतला चुना उडवतो. तो उडाला की मूत थेट खालच्या मातीत मुरतं आणि मग पुढच्या दोन प्रश्नांतलं सगळं दुखणं सुरू होतं.

भिंत कोरडी असायला हवी, छप्परही गळत नाही, तरी खालचा भाग ओला आणि पांढरा का?

जुन्या पागेबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हाच. नेहमीचं निदान "जमिनीतून ओल चढते" असं होतं, भिंतीत भोकं पाडून रसायन भरलं जातं, आणि दोन पावसाळ्यांनी परिस्थिती जैसे थे.

पागेत हा बहुधा लोणा, म्हणजे भिंतीत साठलेला क्षार, असतो आणि तोही खास प्रकारचा. पाचशे किलोचा घोडा दिवसाला सुमारे 8 ते 10 लिटर मूत टाकतो. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, पुढे दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. ते नायट्रेट भिंतीतल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम नायट्रेट बनतं आणि विटेच्या छिद्रांत जाऊन बसतं. पूर्वी युरोपात बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा मिळवायला तबेल्यांच्या भिंती आणि जमिनी खरवडत, ते याच कारणाने. या क्षाराची खोड अशी, की हवेतली आर्द्रता सुमारे 50 टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलंच पाणी ओढून विरघळतो. हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतो आणि फुगून विटेचा पृष्ठभाग आतून ढकलतो. विटेची पावडर खाली पडते ती या ये-जेमुळे. शंभर वर्षांत घोडा शिरला नसला तरी हे चालूच राहतं.

ओळखायचं असं. डाग आकाशातल्या पावसाबरोबर न बदलता हवेतल्या दमटपणाबरोबर बदलतो का, ते दोन-तीन महिने लिहून ठेवा. डाग ठाणाच्या मागच्या भागाशी आणि नालीजवळ गडद असेल, बग्गीखान्याच्या भिंतीला अजिबात नसेल, तर संशय पक्का. मग 0 ते 10, 10 ते 30 आणि 30 ते 50 मिलिमीटर खोलीवरून ड्रिलने वेगवेगळी पूड काढा, थोड्या शुद्ध पाण्यात ढवळा आणि नायट्रेटची चाचणीपट्टी बुडवा. विजेवर चालणारं ओलावामापक इथे फसवतं. क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतं.

मग भिंतीतल्या त्या लोणा-क्षारावर उपाय काय?

क्षार पूर्ण निघत नाहीत, हे आधी मान्य करावं. कमी मात्र होतात.

सुरुवात बाहेरून करा. भिंतीला टेकलेली माती, जुनं खत, राडारोडा हलवा आणि बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 150 मिलिमीटर खाली न्या. पन्हाळी आणि जुनी विटांची गटारं साफ करा. भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो डागाच्या कडेपलीकडे 300 मिलिमीटरपर्यंत उतरवा. मग पृष्ठभागावरचे पांढरे स्फटिक कोरड्या ब्रशने झाडून पिशवीत भरा. पाण्याने धुतलेत तर ते विरघळून पुन्हा आत जातील. झाडलेली पूडही खाली पडू देऊ नका, ती जमिनीतून परत भिंतीत चढते.

त्यानंतर लेप. कागदाचा लगदा, बारीक वाळू आणि पांढरी चिकणमाती शुद्ध पाण्यात मळून 15 ते 20 मिलिमीटर जाड थापायचा आणि सावकाश सुकू द्यायचा. सुकताना क्षार भिंतीतून लेपात ओढले जातात. दोन ते चार आठवड्यांनी लेप सुटू लागला की काढून फेका. असं दोन-तीनदा करा आणि दर वेळी काढलेल्या लेपाची नायट्रेट चाचणी घ्या. आकडा उतरायचा थांबला की लेपही थांबवा. शेवटी सच्छिद्र, नरम चुन्याचा गिलावा करायचा. तो काही वर्षांनी खराब होणारच. विटेऐवजी त्याने झिजावं यासाठीच तो असतो. ज्यांना पांढरी स्वच्छ भिंत हवी असते त्यांना हा मुद्दा पटवणं बाकी कोणत्याही कामापेक्षा अवघड जातं.

दर्जा भरायला सिमेंट का नको, आणि चुन्याने कसं भरायचं?

जुनी वीट नरम आणि सच्छिद्र. भिंतीतलं पाणी दर्जातल्या चुन्यातून बाहेर जावं अशी ती योजना आहे. दर्जात सिमेंट भरलं की तो रस्ता बंद होतो, पाणी विटेच्या तोंडातून निघतं आणि क्षार किंवा थंडीतला बर्फ विटेचंच तोंड उडवतो. आत गेलेल्या विटा आणि त्यांच्याभोवती पुढे आलेली सिमेंटची जाळी, असं चित्र दिसलं तर कारण शोधायला लांब जायला नको.

काम करण्याआधी मूळ चुन्याचा खडा काढून कुस्करा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. चुना विरघळतो, वाळू उरते. तिचा रंग आणि कणांचा आकार बघून जवळची वाळू शोधा. मूळ मिश्रणात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असेल तर तोही विरघळेल, म्हणून आधी भिंगातून पाहून घ्या. सैल झालेला दर्जा सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 20 ते 25 मिलिमीटर खोल काढा, छिन्नीने आणि हाताने. ग्राइंडरचं पातं एकदा घसरलं की विटेच्या कडेला जन्मभराची खूण राहते. घट्ट असलेल्या जुन्या दर्जाला हात लावू नका. एका भिंतीचा एक पंचमांश दर्जा खराब असेल, तर एक पंचमांशच भरायचा.

सांधा झाडा, पाणी मारा, पाणी मुरलं की भरा. पाण्यात भिजवून मुरवलेल्या चुन्याचा लोण्यासारखा गोळा 1 भाग आणि वाळू 3 भाग, हे आतल्या आणि आडोशाच्या भिंतीला चालतं. पावसाचा मारा असलेल्या भिंतीला आणि जोत्याला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (ओलीतही घट्ट होणारा), बहुधा 3.5 या ताकदीच्या वर्गाचा, जास्त टिकतो. एका थरात 10 ते 12 मिलिमीटरहून जास्त भरू नका. खोल सांधा दोन-तीन थरांत, प्रत्येक थर घट्ट दाबून भरायचा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडेनासा झाला की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग उघडा करा. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना उन्हात भसकन सुकला तर तो घट्ट होत नाही, त्याची नुसती पूड होते. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

बग्गीखान्याच्या कमानी मधोमध का फाटतात?

ओळीतल्या कमानी एकमेकींचा रेटा तोलून धरतात. शेवटच्या कमानीला मात्र पलीकडे कोणी नसतं, म्हणून कोपऱ्याचा खांब हळूहळू बाहेर झुकतो आणि तिच्या माथ्यावर भेग पडते. उथळ कमानीचा रेटा जास्त, त्यामुळे तिथे हे लवकर होतं. ओळंबा लावून खांबाचा झुकाव मोजा, भेगेवर काचेची पट्टी किंवा मोजखूण लावा आणि वर्षभर लक्ष ठेवा. भेग ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल आणि वर्षअखेर पहिल्याच आकड्यावर परतत असेल, तर चुन्याने भरून सोडून द्या. वाढतच असेल तर आधी पन्हाळ फुटून पायाखालची माती वाहून गेली नाही ना हे बघा. खांब सावरायला पोलादी ताण बसवायचा की नाही, हे त्यानंतर संरचना अभियंता ठरवेल.

दुसरं नेहमीचं कारण लाकूड. दर्शनी बाजूला विटेची कमान आणि तिच्यामागे लपलेली लाकडी तुळई, अशी रचना खूप ठिकाणी असते. मागची तुळई कुजली की भार सगळा कमानीवर येतो.

दाराच्या बिजागऱ्यांजवळच विटा फुटतात, ते कशाने?

भिंतीत रोवलेलं लोखंड गंजून कित्येक पट फुगतं आणि वीट आतून फोडतं. पागेत अमोनिया आणि क्षारांमुळे गंज अधिक. खुंटा काढून साफ करा, स्टेनलेस पोलादाचं टोक जोडा किंवा मूळ पद्धतीप्रमाणे शिशात बसवा. नुसत्या विटा बदलून भागत नाही.

माळ्यावर किती वजन चालेल?

मूळ हिशेब वैरणीचा होता. एका घोड्याला दिवसाला सुमारे 10 किलो सुकं गवत लागतं. आठ घोडे आणि सहा महिने धरले तर 14 टनांहून थोडं जास्त. सुटं गवत घनमीटरला 70 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे जागा लागते 200 घनमीटर. माळे एवढे मोठे का, याचं उत्तर इथे मिळतं. पण दोन मीटर उंच गवताचा भार चौरस मीटरला 140 किलोच होतो आणि तो सगळीकडे सारखा पसरतो. पुस्तकांचं कपाट किंवा पाण्याची टाकी एका जागी तेवढा भार टाकत नाही, कितीतरी जास्त टाकते. वाकलेल्या तुळया बघून घाबरू नका, भिंतीत शिरलेली त्यांची टोकं मात्र सुईने टोचून बघा. कूज तिथेच असते.

गवत टाकायच्या झरोक्यांबद्दल एक गोष्ट. गव्हाणीच्या वरचे हे झरोके सोयीचे खरे, पण त्यांतून खालचा अमोनिया वैरणीत चढे आणि वरची धूळ घोड्याच्या डोळ्यांत पडे. नंतरच्या काळात ते बुजवलेले दिसतात. आज आगीच्या दृष्टीनेही ते बंद, पण दिसतील असे ठेवावेत.

छपरावरचा मनोरा घड्याळासाठीच का?

घड्याळ आणि घंटा चाकरांची वेळ सांभाळायला. पण मनोऱ्याच्या बाजूंना तिरक्या पट्ट्या असतील, तर तो वायुवीजनाचा मार्गही आहे. गरम, दमट हवा वर जाऊन तिथून निघते आणि भिंतीतल्या विटांच्या जाळ्यांतून ताजी हवा आत येते. पाखरं येतात म्हणून पट्ट्यांमागे पत्रा ठोकलेला सर्रास दिसतो. तो काढून जाळी लावा. खिडक्या उंचावर आणि खालच्या कडेवर बिजागरी असलेल्या का, तेही यावरून कळेल. आत झुकणारी झडप थंड हवा वर वळवते, घोड्याच्या पाठीवर सोडत नाही.

इमारत कोणत्या काळातली हे कसं ओळखायचं?

एका खुणेवर विसंबू नका. ब्रिटनमध्ये 1784 मध्ये विटांवर नगाप्रमाणे कर लागला, म्हणून मोठ्या विटा पाडल्या जाऊ लागल्या. 1803 मध्ये 150 घन इंचांहून मोठ्या विटांना दुप्पट कर लावला, आणि 1850 मध्ये कर उठला. पण जुन्या विटा पुन्हा वापरण्याची चाल सगळीकडे होती आणि पागेला तर घर पाडून निघालेला माल हमखास लागे. लाकडावर करवतीचे सरळ, असमान ओरखडे असतील तर हातकरवत, अर्धवर्तुळाकार असतील तर यंत्राची चक्राकार करवत. खिळा चारही बाजूंनी निमुळता आणि डोकं ठोकलेलं असेल तर लोहाराच्या हातचा; दोनच बाजूंनी निमुळता असेल तर यंत्राने पत्र्यातून कापलेला; गोल तारेचा त्यानंतरचा.

राहण्यासाठी किंवा कार्यालयासाठी रूपांतर करताना काय सांभाळावं?

बग्गीखान्याची मोठी दारं ठेवा आणि काच त्यांच्या आत, हातभर मागे बसवा. निदान एका ठाणाची पडदी, गव्हाण, कडी आणि फरशी एकत्र आणि जागच्या जागी ठेवा. सुटे तुकडे भिंतीला टांगले तर ती सजावट होते. नायट्रेट असलेल्या भिंतीवर जिप्समचा गिलावा किंवा थेट चिकटवलेलं इन्सुलेशन नको. आतून 50 मिलिमीटर हवा खेळती ठेवून वेगळं अस्तर उभारा आणि ते अस्तर भिंतीला कुठेही टेकू देऊ नका. वटवाघळं किंवा घुबडं राहत असतील तर काम सुरू करण्याआधी तिथले वन्यजीव नियम बघा. वारसा इमारतींची परवानगीही त्या त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे, आतल्या फरशीला हात लावण्यापूर्वी घ्या.

पुन्हा घोडेच ठेवायचे असतील तर?

सगळ्यात चांगलं. फक्त वैरण माळ्यावर न ठेवता वेगळ्या इमारतीत ठेवा. 20 टक्क्यांहून जास्त ओलावा राहिलेलं गवत रचलं तर ते आतून तापतं, आणि गंजीच्या पोटात 65 ते 70 अंश दिसू लागले की आगीचा धोका असतो. लांब दांड्याचा तापमापक खुपसून पहिले काही आठवडे रोज बघावं. उकिरडा भिंतीला लागून नको; पागेच्या मागच्या भिंतीची जोत्याजवळची वीट सगळ्यांत आधी विरते ती जुन्या उकिरड्याच्या जागी.

विटांवर पाणीरोधक रसायन किंवा रंग मारावा का?

नाही. क्षार असलेल्या विटेवर असा थर दिला, की स्फटिक पृष्ठभागावर न येता थराच्या मागे तयार होतात आणि थरासकट 5 ते 10 मिलिमीटर वीट सुटून येते. आतून चुन्याची सफेदी चालेल. जुन्या पागांत ती दरवर्षी करत, उजेडासाठी आणि किडे मरावेत म्हणून, आणि खरवडून पाहिलं तर तिचे कितीतरी थर एकावर एक मिळतात.